कृपा आधीं, हात मागाहून

पाठ: इफिसकरांस २:१–१०, फिलिप्पैकरांस २:१२, १३, तीताला २:११–१४

गेल्या हंगामांत रेणापूरजवळील एका वस्तीवर आम्ही प्रार्थनेसाठीं गेलों होतों. प्रार्थना संपल्यावर एक वृद्ध माता मागें राहिली. तिचा मुलगा दर वर्षीं दिवाळीनंतर बायकोमुलांसह ऊसतोडीस जातो, आणि उन्हाळा लागेपर्यंत त्याला उपासनेस येतां येत नाहीं. एका बंधूनें तिला सांगितलें होतें कीं, तो देवानें निवडलेलाच नसावा. दुसरा म्हणाला होता, “आम्ही आर्मिनियन मताचे. तारण माणसाच्या हातीं असतें. त्यानें उपासना सोडली, त्याचें तारण गेलें.” ती माता म्हणाली, “पाळकसाहेब, दोघांनीबी माझ्या लेकराला भायेरच ठेवलं की. मग आत कोण हाय?”

पहिल्या बंधूस एवढेंच सांगतों कीं, हजेरी पाहून कोणास न निवडलेला ठरवावें, असें काल्विनमताच्या शिक्षकांनींहि शिकविलेलें नाहीं. दुसऱ्यानें ज्या मताचें नांव घेतलें, तें मत तर असें मुळींच नाहीं.

हा गोंधळ आमच्या भागांत कां होतो, हें उघड आहे. जालन्यास रे. नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीनें कार्य केलें. ती मंडळी काल्विनाच्या परंपरेची. मेथडिस्टांचें कार्य १८७१ सालीं विल्यम टेलर यांच्या उपदेशानें मुंबईंत मूळ धरून पुढें बिदरकडेहि आलें. त्यांची शिकवण जॉन वेस्लीच्या द्वारें आर्मिनियसापासून आलेली. आज सोयरिकीनें दोन्ही परंपरा एकाच घरांत नांदतात.

याकोब आर्मिनियस १५६० सालीं हॉलंडांत जन्मला. काल्विनाचा उत्तराधिकारी बेझा याच्यापाशीं तो जिनीव्हास शिकला, आणि १६०३ पासून १६०९ सालीं मरण पावेपर्यंत लायडन येथें ईश्वरज्ञानाचा अध्यापक होता. १६१० सालीं त्याच्या अनुयायांनीं पांच कलमें मांडलीं. १६१८–१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेनें तीं नाकारलीं. त्या कलमांवरूनच आपण चार गैरसमज तपासूं.

१. “तारणाचा आरंभ माणूस करतो.” तिसरें कलम याच्या अगदीं उलट आहे. माणसाला आपल्या इच्छेच्या बळानें खरें चांगलें असें कांहींच करतां येत नाहीं. देवानें त्याला ख्रिस्तामध्यें नवा जन्म दिला पाहिजे, असें तें सांगतें. चवथ्या कलमाप्रमाणें प्रत्येक चांगल्या गोष्टीचा आरंभ, वाढ व शेवट कृपेनेंच होतो; मात्र माणूस त्या कृपेस विरोध करूं शकतो. वेस्ली हिला ‘आधीं येणारी कृपा’ म्हणत असे.

२. “विश्वास हेंहि एक पुण्यकर्मच झालें.” आपल्या वाचकांस २०१६ चा दुष्काळ आठवत असेल. त्या एप्रिलांत मिरजेहून सुमारे ३५० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी आलें. ज्यानें घागर पुढें केली, त्यानें “पाणी मीं आणलें” असें म्हटलें काय? आर्मिनियसानें स्वतः भिक्षेकऱ्याचा दाखला दिला आहे: हात पुढें केल्यानें भिक्षेची मजुरी होत नाहीं. आमचा दाखला मात्र एके ठिकाणीं अपुरा पडतो, तें नीट ध्यानांत घ्या. तहानेल्याच्या हातांत घागर उचलण्याचें बळ असतें. पाप्याच्या हातांत तेंहि नसतें. हात उचलण्याचें बळसुद्धां कृपाच देते.

३. “ख्रिस्त सर्वांसाठीं मेला, तर सर्वांचें तारण होणारच.” दुसऱ्या कलमांत पहिली गोष्ट आहे, पण दुसरी नाहीं. पापक्षमा सर्वांसाठीं मिळविलेली आहे. तिचा उपभोग मात्र विश्वास ठेवणाऱ्यासच होतो. घागर पालथी ठेवणारा गाडीजवळहि तहानेला राहील.

४. “जरा चुकलें कीं तारण गेलें.” विश्वासणारा कृपेंतून पडूं शकतो काय, याविषयीं पांचव्या कलमानें निर्णय दिला नाहीं, शास्त्राचा अधिक शोध करावा, असें म्हटलें. पडणें शक्य आहे, असें वेस्लीनें शिकविलें खरें. पण पडलेल्यास परत येण्याची वाटहि त्यानें दाखविली. विश्वास टाकून देणें वेगळें, आणि पोटासाठीं फडावर जाणें वेगळें.

आम्हीं त्या मातेस सांगितलें: “आई, तुमचा मुलगा ज्या फडावर जातो, तेथें देवाची कृपा त्याच्या गाडीआधीं पोंचलेली असते. त्यानें तिला पाठ फिरवूं नये, एवढ्यासाठीं तुम्ही प्रार्थना करा.” मग त्या दुसऱ्या बंधूस विचारलें कीं, पांच महिन्यांत आपण त्याला एकदां तरी फोन केला काय? बंधूनें मान खालीं घातली. त्याच रात्रीं त्यानें फोन लावला, आणि मुलानें पलीकडून प्रार्थनेची विनंती केली.

उपदेशक बंधूंनो, तारण माणसाच्या हातीं आहे, असें शिकवूं नका. तें देवाच्या हातीं आहे, आणि तो हात सर्वांकडे पसरलेला आहे, असें शिकवा. मग तुमचे हात आखडलेले राहूं नयेत.

विचार करण्यासाठीं प्रश्न
१. विश्वासास ‘पुण्यकर्म’ कां म्हणतां येत नाहीं?
२. घागरीचा दाखला कोठें अपुरा पडतो?
३. आपल्या मंडळींतील कोण कामासाठीं बाहेरगांवीं आहेत? त्यांची विचारपूस या आठवड्यांत कोण करील?