मृताची व्यवस्था : मंडळीसाठी एक पाठ
वाचन : उत्पत्ति २३, प्रेषितांची कृत्ये ८:२

सारा मरण पावली तेव्हा अब्राहामाने प्रथम शोक केला; मग तो उठून व्यवस्थेस लागला. हेथाचे लोक आपली कबर देण्यास राजी होते, तरी त्याने एफ्रोनाला ४०० शेकेल रुपे तोलून देऊन मकपेलाचे शेत व गुहा सर्वांसमक्ष विकत घेतली. यावरून शिकावे की, शोक करणे हा अविश्वास नव्हे, आणि मृताची व्यवस्था नेमाने करणे हे विश्वासाचेच काम होय.

१. कोणास कळवावे? प्रथम पाळकास किंवा उपदेशकास कळवावे. आजाराने मृत्यू झाला असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला मागावा. अपघात, सर्पदंश, विष किंवा बुडणे यांमुळे मृत्यू झाला असल्यास पोलिसांस कळविल्यावाचून दफन करू नये. शवविच्छेदनात मृताचा अपमान आहे, असे समजू नये.

२. जागा. प्रेत दारी असताना कबरेच्या जागेचा वाद निघावा, यासारखे दुःख नाही. ज्या गावी आपले कबरस्थान नाही, तेथील पंचांनी आजच ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा. अब्राहामाचा व्यवहारही साक्षीदारांसमोर झाला होता.

३. खर्च. स्तेफनाला भक्तिमान माणसांनी पुरले. तेथे त्याच्या नातलगांचा उल्लेख नाही. तेव्हा कबर खणणे, पेटी आणणे व शोकाकुल घरी भाकरी पोहोचविणे हा भार मंडळीने उचलावा. लोकलज्जेस्तव कर्ज काढून जेवणावळ घालू नये. ते कर्ज विधवेच्या व लेकरांच्या माथी बसते.

४. इतर धर्माचे आप्त. ते रडावयास आले आहेत, वादास नव्हे. त्यांस अंत्यदर्शन घेऊ द्यावे, प्रार्थनेच्या वेळी शेजारी उभे राहू द्यावे. न पटणारा विधी नम्रपणे नाकारावा.

५. नोंद. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली २१ दिवसांच्या आत नोंद केल्यास उशिराचा दंड पडत नाही. एक वर्ष लोटल्यास दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. दाखल्यावाचून सातबाऱ्यावर वारसांची नावे लागणे व विधवेस निवृत्तिवेतन मिळणे अडते. म्हणून लिहितावाचता येणाऱ्या एका बंधूने त्या घरच्या माणसाबरोबर ग्रामपंचायतीत जावे.

विचारार्थ प्रश्न : आपल्या मंडळीत आज रात्री मृत्यू झाल्यास कबर कोठे खणली जाईल? दफनानंतर आठव्या दिवशी त्या घरी कोण जाईल?