वीगन आहार : पोषण आणि औषधयोजना

मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य करणारा आहार म्हणजे वीगन आहार. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेली ही संज्ञा आता आपल्या शहरांतील चिकित्सालयांतही ऐकू येते. चरकांनी दुधाला जीवनीय द्रव्यांत अग्रस्थान दिले असल्याने अशा रुग्णाला परावृत्त करण्याकडे आपला कल असतो. परंतु हा निर्णय बहुधा प्राण्यांविषयीच्या करुणेतून झालेला असतो. आपण विरोध केल्यास रुग्ण आहार बदलत नाही, आपल्याला सांगणे तेवढे थांबवतो. म्हणून त्या आहारातील उणिवा ओळखून त्या भरून काढणे, हेच आपले कर्तव्य ठरते.

त्यागाचा क्रम : बालपणापासून सात्म्य झालेले दूध-तूप एकाएकी बंद करून त्याजागी कडधान्ये वाढविल्यास आध्मान, मलावष्टंभ व रूक्षता उद्भवते. चरक सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायातील पादांशिक क्रम अहितकर सवयींच्या त्यागासाठी सांगितला असला, तरी त्याचे तत्त्व येथेही उपयुक्त आहे. कडधान्ये भिजवून, मोड आणून, शिजवून घ्यावीत. हिंग, आले, जिरे व तीळतेल यांची जोड द्यावी.

पोषण : प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ-भात, उसळ-भाकरी, सोयाबीन व शेंगदाणे यांतून ती मिळू शकतात. कॅल्शियमची दैनंदिन गरज १००० मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तिळात त्याहून पुष्कळ अधिक. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झलेटमुळे फारसे शोषले जात नाही. लोहाच्या शोषणासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, जेवणालगत चहा नसावा. जवसाची चटणी आणि आयोडिनयुक्त मीठ हेही आवश्यक आहेत.

जीवनसत्त्व बी-१२ : याला विश्वसनीय वनस्पतिज स्रोत नाही. इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना यांवर विसंबू नये. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा प्रकट होते. शिवाय आहारात फोलेट भरपूर असल्यास पांडुतेची चिन्हे झाकली जातात आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. हातापायांना मुंग्या, बधिरता, चालताना तोल जाणे ही लक्षणे वातव्याधीत गणून केवळ गुग्गुळकल्प देत राहिल्यास बहुमोल काळ जातो व हानी कायमची ठरू शकते. अशा रुग्णाची बी-१२ तपासणी प्रथम करावी. निरोगी प्रौढास नित्य १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून २००० मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिन पुरते. उणीव सिद्ध झाल्यास चिकित्सामात्रा वेगळी द्यावी. गर्भिणी व सूतिका यांच्याबाबत तडजोड नको, कारण स्तन्यातील उणिवेने अर्भकाचा विकास खुंटतो. हे जीवनसत्त्व जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते, त्यामुळे रुग्णाच्या तत्त्वालाही बाध येत नाही.

औषधयोजना : च्यवनप्राशात तूप व मध, पुनर्नवा मंडूरात गोमूत्र, लाक्षादि गुग्गुळात लाक्षा असते. शंख, मौक्तिक, प्रवाळ व कपर्दिक भस्मेही प्राणिज आहेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, तर जीवनसत्त्व डी-३ सामान्यतः लोकरीच्या स्निग्धांशापासून बनते. शैवाकापासूनचे डी-३ हा त्यास पर्याय आहे. घृतकल्पांऐवजी क्वाथ, चूर्ण व तैलकल्प, क्षीरानुपानाऐवजी कोष्ण जल योजावे. मात्र तूप वगळलेला कल्प ग्रंथोक्त नावाने विकता येत नाही, हे औषधनिर्मात्यांनी विसरू नये.

औषधालय चालकांनी आपल्याकडील कोणत्या औषधांत प्राणिज घटक आहेत, याची यादी उत्पादकांकडून खातरजमा करून दर्शनी भागी ठेवावी. घटक लपवून दिलेले औषध उघड झाले, की रुग्ण त्या औषधासह वैद्याचाही त्याग करतो. आणि पुढे बी-१२ घेण्याचा आपला सल्लाही तो मानत नाही.