बालाघाट : पाणी वाटणारा डोंगर आणि सरहद्दी

‘पर्वतरांगा आणि राजकीय सीमा’ हा विषय भूगोलाच्या तासाला निघाला की उदाहरणे ठरलेली असतात. हिमालय, पिरेनीज, अँडीज. गेल्या वर्षी हा भाग चालू असताना मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “आपल्याकडे डोंगरच नाही, मग डोंगराची सरहद्द कुठून येणार?” वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर आठच दिवसांनी पोळ्याच्या सुटीत लातूरला आत्याकडे निघालो होतो. गोदाकाठची काळी सपाट जमीन मागे पडली, एस. टी. चढाला लागली आणि खिडकीबाहेर मुरमाड माळ, उघडे पडलेले दगड, उंचसखल टेकाडे दिसू लागली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी सहज विचारले, “बाबा, हा कोणता डोंगर?” ते म्हणाले, “डोंगर कशाचा, बालाघाट हाय ह्यो.”

ज्यावर बसून आपण जन्म काढतो त्याला आपण डोंगर म्हणत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘बाला’ म्हणजे फारसीत वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. मोगल व निजामी कारभारात वऱ्हाडचे ‘बालाघाट’ आणि ‘पायीनघाट’ असे दोन भाग मानीत, ते याच अर्थाने. शब्द मुळात शिखराचा नसून चढून गेल्यावर लागणाऱ्या पठाराचा आहे, आणि आपल्या बालाघाटाचे रूप तसेच आहे. येथे कळसूबाई नाही की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नाही. बाजूने पाहिले तर डोंगर, वर गेले तर माळ.

शालेय पुस्तकात हरिश्चंद्र-बालाघाट रांगेविषयी एक वाक्य असते : ही रांग गोदावरी व भीमा या नद्यांची खोरी वेगळी करते. सह्याद्रीतून निघून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांतून आग्नेयेकडे येणाऱ्या रांगेपुरते ते खरे आहे. उत्तरेकडील सिंदफणा गोदावरीला मिळते, दक्षिणेकडील सीना भीमेला. पण लातूर-नांदेडकडे आलो की हे वाक्य लागू पडत नाही. आपल्याकडे रांगेच्या दोन्ही अंगांचे पाणी अखेर गोदावरीलाच मिळते. फरक आहे तो कोठे मिळते यात, आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या पाण्याची सारी कथा या ‘कोठे’मध्ये आहे.

मांजरा नदी पाहा. ती बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात याच डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला जवळजवळ समांतर अशी आग्नेयेकडे वाहत जाते. मधे बालाघाट. लातूर जिल्हा ओलांडून ती कर्नाटकात बीदरकडे जाते, तेथून तेलंगणात शिरते आणि मग एकाएकी उत्तरेकडे वळते. सिंगूर आणि निजामसागर ही दोन मोठी धरणे पार करून पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला येते, बिलोली तालुक्याच्या कडेने वाहते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. ७२४ किलोमीटरचा हा प्रवास म्हणजे बालाघाटाच्या पूर्व टोकाला घातलेला वळसाच होय. तेरणा, तावरजा, घरणी, रेणा या नद्या तिला वाटेत मिळतात.

नकाशावर बोट ठेवून पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बालाघाट आपल्याकडे एकसंध धार म्हणून उरत नाही. बीडच्या बाजूने येणारी मन्याड त्याला चिरत अहमदपूर व लोहा यांच्या मधून कंधारकडे जाते आणि पुढे मांजरेलाच मिळते. त्यामुळे खरा पाणलोट मन्याडच्या उत्तरेस, नांदेडकडे सरकलेला आहे. नांदेडहून लातूरला जाताना मन्याडचे पात्र येण्यापूर्वीच आपण ती अदृश्य रेषा ओलांडतो. रेषेच्या अलीकडे पडलेला पाऊस ओढ्यांनी सरळ गोदावरीत जातो. पलीकडे पडलेला पाऊस मन्याडमधून मांजरेत आणि मांजरेतून थेट सरहद्दीवर जाऊन गोदावरीत. म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचे पाणी नांदेड शहराला कधी दिसतच नाही. जुन्या लोकांना हे ठाऊक असावे. कंधारला राष्ट्रकूट काळातील जगत्तुंग सागर हा तलाव आहे. वाहून जाणारे पाणी अडवल्याखेरीज येथे वस्ती टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

खडकाविषयी थोडक्यात लिहितो. रांग बेसाल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची. उदगीर-निलंग्याच्या पठारावर जांभा दगड सापडतो, औसा तालुक्यातील खरोसा लेणी या जांभ्यातच कोरलेली आहेत. पूर्वेकडे देगलूर-बिलोलीच्या पुढे लाव्हाचे आवरण संपते आणि खालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. बिलोलीकडच्या मांजरेची वाळू बांधकामासाठी नावाजलेली आहे, तिचा या खडकाशी संबंध आहे. आवरण किती जाड आहे हे आपल्याला कळले ते मात्र एका दुर्दैवी घटनेनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, माळवदाची दगडी घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे तेथे घेतलेल्या खोल विंधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला आणि मग ग्रॅनाइट. तोपर्यंत हा टापू पुस्तकांत ‘स्थिर भूभाग’ म्हणून शिकवला जात होता.

आता सरहद्दीकडे वळतो. मागच्या बाकावरच्या त्या मित्राला माझे उत्तर असे की, आपल्या डोंगरावर सरहद्द होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झालेले नव्हते. त्या काळात घाटाखालची बार्शी स्वतंत्र भारतात होती आणि घाट चढून गेल्यावरचे धाराशिव निजामाच्या राज्यात. उत्तरेकडे माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात पैनगंगेच्या अलीकडे निजाम आणि पलीकडे वऱ्हाड. म्हणून तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाची शिबिरे बार्शी तालुक्यात आणि पैनगंगेपलीकडे उमरखेडला उभी राहिली. माझे आजोबा अजूनही आपल्या भागाला बोलताना ‘मोगलाई’ म्हणून जात. त्यांच्या लेखी घाट उतरणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे होते. डोंगर तोच, पण त्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भीतीने घरदार सोडून निघालेल्या कुटुंबाला घाटाचा पायथा गाठणे म्हणजे जीव वाचणे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि डोंगराचा आधार सुटला. नवी रेषा भाषेवरून, तालुके आणि सर्कले धरून आखली गेली. बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर व निलंगा इकडे आले. आदिलाबादमधून किनवट तालुका आणि इस्लापूर सर्कल इकडे आले. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आंध्रात गेली. बोलणारी माणसे कोठे आहेत हे पाहून रेषा काढली यात गैर काही नाही, आणि दुसरा मार्गही नव्हता. परंतु पाणी भाषा पाहून वाहत नाही, ही अडचण शिल्लक राहिली.

अशी अडचण केवळ आपलीच नाही. चिली आणि अर्जेंटिना यांनी १८८१ च्या करारात सीमा अँडीजच्या पाणी विभागणाऱ्या सर्वोच्च शिखरांवरून जाईल असे ठरवले. दक्षिणेकडे गेल्यावर दिसून आले की सर्वोच्च शिखरे एकीकडे आणि पाणलोट दुसरीकडे. नद्यांनी रांग चिरलेली होती, जशी मन्याडने बालाघाट चिरला आहे. भांडण चिघळले आणि अखेर १९०२ मध्ये इंग्लंडच्या राजाला लवाद म्हणून निवाडा द्यावा लागला.

आपल्याकडे निवाडा सर्वोच्च न्यायालयाने दिला. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याविषयीचा २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल सर्वांना माहीत आहे. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. म्हणजे पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना अडवायचे नाही आणि पाऊस ओसरल्यावर जे उरेल ते साठवायचे. धर्माबादच्या शेतकऱ्याला हा न्याय कसा वाटत असेल ते त्यालाच विचारावे. पण खालच्या श्रीरामसागर धरणावर अवलंबून असलेला शेतकरीही शेतकरीच आहे. तो १९५६ पर्यंत आपल्याच राज्यात होता आणि त्या रेषेने त्याला परका केला. लेंडी नदीवरचा आमच्या मुखेड तालुक्यातला प्रकल्प तर दोन राज्यांचा संयुक्त. त्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत त्याच लेंडीचे पाणी रात्रीतून काठच्या गावांत शिरले. माणसे गेली, दावणीची जनावरे गेली. ज्या पाण्याच्या वाट्यावरून कागद फिरत होते, त्याने कोणाचा वाटा विचारला नाही.

आणि लातूर? बालाघाटाच्या दक्षिण अंगाला, मांजरेच्या खोऱ्यात वसलेले हे शहर धनेगावच्या मांजरा धरणावर जगते. सलग अवर्षणाने धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बातम्यांत आकडे आले, पण त्या गाडीचा मार्ग कोणी नीट पाहिला नाही. कृष्णाकाठचे मिरज, भीमाकाठचे पंढरपूर, मग कुर्डुवाडी, बार्शी आणि तेथून बालाघाटावर चढून लातूर. १९११ मध्ये लातूरला पोहोचलेल्या बार्शी लाइटच्या अरुंद रुळांनी जी दिशा घेतली होती, तीच. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी इंजिनाने ओढून डोंगरावर चढवले आणि गोदावरीच्या खोऱ्यात उतरवले. पाणलोट ओलांडायला पाण्याला काय लागते याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडलेले नाही.

यंदा जुलैत आम्ही तिघे मित्र टोपोशीट घेऊन लोह्याच्या बाजूला उतरलो होतो. नकाशातल्या समोच्च रेषा आणि पायाखालचा माळ जुळवताना तासभर गेला. तेवढ्यात सर आली. रस्त्याच्या एका कडेचे गढूळ पाणी उत्तरेकडे चालले होते आणि वीस-पंचवीस पावलांवर दुसऱ्या कडेचे दक्षिणेकडे. गुरे राखणारा एक मुलगा आमच्याकडे बघत उभा होता. आम्ही त्याला विचारले, हे पाणी कोठे जाते? त्याने आधी एका हाताने गोदावरीची दिशा दाखवली, मग दुसऱ्या हाताने मन्याडची, आणि पावसात भिजत आम्ही हे काय विचारतो आहोत म्हणून हसत गुरांमागे निघून गेला.