मुदिता : साध्या गोष्टींतील आनंद

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणतात. मैत्री व करुणा यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो; मुदितेचा उच्चार मात्र क्वचितच होतो. दुसऱ्याचे सुख, गुण वा यश पाहून मनात उमटणारा निर्मळ आनंद म्हणजे मुदिता. निवासी शाळेत तर तिची गरज रोजच भासते.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्यात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक जवळचा व एक दूरचा. मुदितेचा दूरचा शत्रू कोणता, असे विचारल्यास आपण चटकन ‘मत्सर’ असे उत्तर देऊ. मत्सर तिला मारक आहेच. परंतु आचार्यांनी येथे नाव घेतले आहे ते ‘अरति’चे. अरति म्हणजे नावड, कंटाळा, कशातच मन न रमणे. ज्याला साध्या गोष्टींत गोडी वाटत नाही, त्याला दुसऱ्याच्या साध्या आनंदातही सहभागी होता येत नाही, असा बोध आपण यातून घेऊ शकतो.

जवळचा शत्रू म्हणजे स्वतःला हवे ते मिळाल्याने होणारा सांसारिक हर्ष. तो मुदितेसारखाच दिसतो, म्हणून तिची जागा सहज बळकावतो. आपल्या पाल्याला बक्षीस मिळाले की होणारा आनंद स्वाभाविक आहे. शेजारी बसलेल्या पालकांच्या पाल्याला ते मिळाले असताही मन तितकेच प्रसन्न राहिले, तर ती मुदिता होय.

मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात या वृत्तीचे सुंदर दर्शन घडते. अनुरुद्ध, नंदिय व किंबिल हे तीन भिक्खू गोसिंग शालवनात एकत्र राहत होते. भगवान बुद्ध त्यांना भेटावयास गेले आणि तुम्ही सलोख्याने राहता ना, अशी त्यांनी विचारपूस केली. असे सहचर लाभले हा आपला मोठा लाभ आहे, असे आपल्याला वाटते, असे अनुरुद्धांनी सांगितले. आपल्या मनाप्रमाणे वागण्यापेक्षा यांच्या मनाप्रमाणे का वागू नये, असा विचार करून ते वागत. इतर दोघांचेही तसेच होते.

पुढे तथागतांनी अप्रमादाविषयी विचारले. त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मननीय आहे. भिक्षाटनाहून जो आधी परते, तो आसने मांडी व पाणी ठेवी. जो शेवटी येई, तो आसने उचली व भोजनाची जागा झाडी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले की ज्याच्या दृष्टीस पडे तोच ते भरी. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. साधनेतील जागरूकतेचे वर्णन असे झाडलोट आणि पाणी भरण्यापासून सुरू झाले!

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. पंगतीत वाढणे, भोजनगृह झाडणे, पिण्याच्या पाण्याची काळजी घेणे, या कामांतही आनंद असतो. तो दिसण्यासाठी ती कामे केवळ पाळी म्हणून उरकता कामा नयेत.

हीच गोष्ट दुसऱ्याच्या साध्या कल्पनेची. हात धुतलेले पाणी झाडांच्या आळ्यात सोडू या, असे एखादा पाचवीतील विद्यार्थी सुचवतो. ‘त्यात काय मोठेसे?’ असे म्हणून आपण विषय संपवला, तर ती कल्पना तर विझतेच, शिवाय पुढच्या वेळी तो मुलगा गप्प बसतो. उलट, ‘छान सुचले, चल, करून पाहू’ एवढे शब्द त्याला आयुष्यभर पुरतात. साध्या वाटणाऱ्या प्रयत्नाचे फळ किती दूरवर जाते, याचे उदाहरण आपल्या भाषेतच आहे. गोव्यातील धर्मानंद कोसंबी यांना बुद्धचरित्राची गोडी लागली ती ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकातील लेखामुळे. पुढे ते पालीचे थोर पंडित झाले आणि ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत संपादित करून त्यांनी तो आपल्या हाती दिला.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक व सर्व धम्मबांधवांना आमची नम्र सूचना आहे. रोज रात्री निजण्यापूर्वी दिवसभरातील एक साधे सुख आठवावे; दुसऱ्याची एक चांगली कृती वा कल्पना आठवावी; आणि दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला तसे सांगावे. यास खर्च नाही, विशेष वेळही लागत नाही. घरोघरी हा अभ्यास सुरू झाला, तर अरतीला तेथे थारा उरणार नाही.