रात्री उपाशी, तरी सकाळी साखर जास्त?

"डॉक्टर, रात्री काही खाल्लंच नाही, मग सकाळी साखर 180 कशी?" असं विचारणाऱ्यांना यंत्रच बिघडलंय असं वाटत असतं.

यंत्र ठीक असतं. ही साखर ताटातली नाही, यकृतातली आहे. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच. म्हणून यकृत रात्रभर साठ्यातली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं, नवी तयारही करतं. जठरामागचं स्वादुपिंड त्यावर लक्ष ठेवतं. त्याचं ग्लुकॅगॉन यकृताला 'सोड' म्हणतं, इन्सुलिन 'पुरे' म्हणतं. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा यकृत त्याला जुमानत नाही. मग उपाशीपोटीही साखर चढते.

जेवण टाळून हे सुटत नाही. उलट गोळी चालू आणि जेवण बंद, हा जिवावरचा खेळ आहे. साठीतले एक काका ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत होते. सकाळचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून रात्री नुसतं ताक प्यायले, गोळी मात्र चुकवली नाही. पहाटे काकूंनी हाका मारल्या तर ओ देईनात, अंथरूण घामानं भिजलेलं. घरच्यांना अर्धांगवायू वाटला. साखर होती 38! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. पण या गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना ठेवून घ्यावं लागलं.

दरदरून घाम, थरथर, धडधड, अचानक कडाडून भूक, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच साखर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि मोबाइलवरची ती 'मधुमेह मुळापासून घालवणारी' चूर्णं कृपा करून बंद करा. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे. तुमची नेहमीची गोळी वर असतेच!

सकाळचा आकडा चढला म्हणजे तुम्ही गुन्हा केलेला नाही. घाबरू नका. रात्री लवकर आणि बेताचं जेवा, पण जेवा. तीन-चार दिवसांचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे आकडे वहीत लिहून आणा, औषध त्यावरून बदलता येतं. पहाटे घाम फुटून जाग येत असेल, तर वही उघडण्याआधी ते सांगा.