आगंतुक तणे व उपद्रवी जीव : गावपातळीवरील नियंत्रण

मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग आणि काजू ही सारी अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली पिके होत. आज त्यांच्यावाचून महाराष्ट्रातील शेतीची वा स्वयंपाकाची कल्पनाही करता येत नाही. परक्या मुलखातून आलेली प्रत्येक वनस्पती त्याज्य असते, असे म्हणूनच म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो एका निराळ्या वर्गाचा. काही वनस्पती व प्राणी आपल्या मूळ प्रदेशात तेथील किडी, रोग व स्पर्धक यांच्यामुळे मर्यादेत राहतात. नव्या प्रदेशात आल्यावर हे शत्रू मागे राहतात आणि त्यांच्या वाढीला आवर उरत नाही. जैवविविधतेसंबंधी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, माणसाच्या हातून जगभर ३७,००० हून अधिक जाती परक्या प्रदेशांत पोहोचल्या आहेत. त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती अपायकारक ठरल्या आहेत. म्हणजे दहा पाहुण्यांपैकी साधारण एकच उपद्रवी निघतो. परंतु तो एक शेती, पाणी आणि आरोग्य या तिन्हींवर घाला घालतो.

अशा जातींविरुद्ध आपल्याकडे मोहिमा होत नाहीत असे नाही. तथापि पुष्कळ मोहिमा चुकीच्या वेळी होतात, एकाच शेतापुरत्या किंवा एकाच दिवसापुरत्या होतात. त्यामुळे श्रम व पैसा खर्च होऊनही पुढील वर्षी परिस्थिती जैसे थे राहते. महाराष्ट्राच्या परिचयाच्या तीन उदाहरणांवरून नियंत्रणाची तत्त्वे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

गाजर गवत : वेळेचे महत्त्व

गाजराच्या पानांसारखी पाने असल्याने गाजर गवत आणि काही भागांत काँग्रेस गवत या नावाने ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातील आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आयात धान्याबरोबर ते आले असे सामान्यतः मानले जाते. पुढे अवघ्या काही दशकांत ते देशभर पसरले. रस्त्याच्या कडा, गायराने, पडीक जमिनी, शाळांची मैदाने आणि आता उभी पिकेही त्याने व्यापलेली दिसतात.

या तणाचे बळ त्याच्या बियांत आहे. एक जोमदार झाड हजारो बिया देते. १५ ते २५ हजार हा आकडा कृषिशास्त्रीय साहित्यात वारंवार येतो. बी अत्यंत हलके असते. वारा, पाण्याचा ओघळ, वाहनांच्या चाकांचा चिखल, जनावरांचे खूर आणि अर्धवट कुजलेले खत यांच्यामार्फत ते दूरवर जाते. जमिनीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहू शकते. पाऊस पडताच रोपे उगवतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलू लागतात. ओलावा मिळाल्यास वर्षभरात त्याच्या अनेक पिढ्या होतात.

यावरून पहिले तत्त्व निघते : तण फुलोऱ्यावर येण्यापूर्वी उपटले पाहिजे. फुललेले गवत उपटून रस्त्याच्या कडेला टाकणे म्हणजे आपल्याच हाताने त्याची पेरणी करणे होय. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. लोकशिक्षणासाठी तो निश्चितच उपयोगी आहे. मात्र महाराष्ट्रात जूनमध्ये पाऊस सुरू झाला, तर पहिली रोपे त्या सप्ताहापूर्वीच फुललेली असतात. म्हणून उपटणीची पहिली फेरी जुलैमध्येच उरकावी, सप्ताहात दुसरी फेरी करावी आणि पाऊस ओसरताना तिसरी करावी. जमीन ओली असताना झाड मुळासकट येते. नुसते कापल्यास बुडख्यापासून पुन्हा फुटते.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. या गवताच्या संपर्काने त्वचेवर पुरळ, तीव्र खाज व चट्टे उठतात आणि परागकणांमुळे काहींना दमा व सर्दीचा त्रास होतो. वर्षानुवर्षे संपर्कात येणाऱ्या शेतमजुरांत हा त्वचारोग चिवट स्वरूप धारण करतो. श्रमदानाच्या उत्साहात विद्यार्थ्यांना उघड्या हातांनी हे गवत उपटावयास लावणे सर्वथा अयोग्य आहे. ते काम प्रौढांनी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला फडके बांधून करावे. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांना या कामापासून दूर ठेवावे. विद्यार्थ्यांकडे तण ओळखणे, गावाच्या नकाशावर त्याच्या जागा दाखवणे आणि पालकांना माहिती देणे ही कामे सोपवावीत. ती कमी महत्त्वाची नाहीत.

उपटलेली जागा मोकळी राहिली, तर तीत पुन्हा गाजर गवतच येते. यासाठी पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे (विदर्भ-मराठवाड्यात यास तरोटा म्हणतात) बी विखरून टाकण्याची शिफारस केली जाते. टाकळा दाट उगवून गाजर गवताची रोपे दडपतो आणि त्याचा कोवळा पाला भाजीसाठी उपयोगी पडतो. फुलोऱ्यापूर्वी उपटलेले गवत शेणकाल्यासह खड्ड्यात थर देऊन, वरून माती-शेणाने लिंपून चांगले कुजवल्यास त्याचे खतही होते. बी धरलेले गवत मात्र खतासाठी वापरू नये.

जलपर्णी : मूळ कारणाचा शोध

दक्षिण अमेरिकेतील ही पाणवनस्पती तिच्या जांभळट फुलांच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली. आज पुण्याच्या मुळा-मुठेपासून कोल्हापूरच्या पंचगंगेपर्यंत आणि ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीपर्यंत तिचा हिरवा गालिचा पसरतो. त्याखालील पाण्यास प्रकाश व प्राणवायू मिळत नाही, मासे गुदमरतात, डासांना आसरा मिळतो, होड्या व पाणीउपशाचे पंप अडकतात. अनुकूल परिस्थितीत तिचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. एप्रिलमध्ये तळ्याचा आठवा हिस्सा व्यापलेला असेल, तर जूनच्या आरंभापर्यंत सारे तळे झाकले जाण्यास वेळ लागत नाही.

जलपर्णी यंत्राने काढणे हा तात्पुरता उपाय आहे. तिला खाद्य मिळते ते सांडपाण्यातून व शेतातून वाहून येणाऱ्या खतांतून. नत्र व स्फुरद यांनी भरलेले पाणी जोवर नदीत मिसळते, तोवर काढलेली जलपर्णी पुन्हा येणारच. तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे टिकते. म्हणून दुसरे तत्त्व असे : लक्षणाबरोबर कारणावरही उपाय हवा. सांडपाणी गावातच शोषखड्ड्यांत वा परसबागेत जिरवणे, गुरे धुण्याची जागा तळ्यापासून दूर ठेवणे आणि तळ्यात पहिली चार रोपे दिसताच ती काढून टाकणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. काढलेली जलपर्णी काठावर ठेवू नये. पहिल्या पुरात ती पुन्हा पाण्यात जाते. ती उंच जागी नेऊन वाळवावी किंवा कुजवावी.

शंखी गोगलगाय : एकजुटीची कसोटी

पूर्व आफ्रिकेतील ही मोठी गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यात आणून सोडण्यात आली. एका हौशी अभ्यासकाच्या बागेतून सुरू झालेला हा प्रवास पुढे देशभर झाला. २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. बियाणे, खत व मजुरी यांचा एकदा झालेला खर्च वाया गेल्यावर तोच पुन्हा उभा करणे लहान शेतकऱ्यास किती कठीण असते, हे सांगावयास नको.

प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. उन्हाळ्यात ती शंखाचे तोंड बंद करून मातीत, बांधाच्या कपारीत वा पालापाचोळ्याखाली निपचित राहते. पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडून ती रात्री खाते. म्हणजेच तिच्यावर मात करण्याची संधी पेरणीपूर्वीच्या व नंतरच्या थोड्या दिवसांतच असते. उन्हाळी नांगरट करून, बांधावरील दगड व काडीकचरा हलवून तिचे आश्रय मोडावेत. पाऊस पडल्यावर सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी अंथरावीत आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात. हातमोज्यांशिवाय त्यांना स्पर्श करू नये, कारण माणसास अपायकारक अशा परोपजीवी कृमींचा त्या प्रसार करतात. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या वा मिठाच्या दाट द्रावणात बुडवून माराव्यात व चुना टाकून खोल खड्ड्यात पुराव्यात. मीठ शेतात मात्र पसरू नये. त्याने जमीन बिघडते. बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढल्यास त्यांना अटकाव होतो. पावसानंतर तो पुन्हा घालावा लागतो. विषारी आमिष कृषी विभागाच्या सल्ल्यानेच वापरावे. ते कुत्री, गुरे व पक्षी यांनाही मारते.

हे सारे एका शेतकऱ्याने केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर उपयोग थोडाच होतो. गोगलगाय बांध ओळखत नाही. ओढ्याच्या काठची पडीक जमीन, रस्त्याकडेची झुडपे व गावठाणातील उकिरडे यांची जबाबदारी कोणा एकाची नसते. ती गावाची असते. तिसरे तत्त्व म्हणून एकजूट हे होय.

जैविक नियंत्रण : आशा व सावधगिरी

मागे राहिलेले शत्रू पुन्हा भेटवणे, हा या शास्त्राचा आणखी एक मार्ग आहे. १७९५ साली रंगनिर्मितीच्या आशेने ब्राझीलमधून एक कीटक भारतात आणला गेला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग मिळाला नाही, पण त्याने दक्षिण भारतातील एका जातीचा निवडुंग साफ केला. दुसऱ्या जातीच्या निवडुंगावर त्याचा परिणाम होत नव्हता. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून वेगळा कीटक आणावा लागला. एक कीटक सर्व तणांवर चालत नाही, हा यातील धडा होय.

गाजर गवतावर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगळूर येथे आणून, तपासणीनंतर १९८४ पासून सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने खाऊन झाडे खुरटी करतो आणि कोरड्या दिवसांत मातीत दडतो. जलपर्णीवरील भुंगेरेही १९८० च्या दशकात आणले गेले. या उपायांना वर्षे लागतात आणि ते इतर उपायांना पूरक असतात; पर्याय नव्हेत. असे जीव आणण्याचा निर्णय तज्ज्ञ संस्थांनीच घ्यावयाचा असतो.

ग्रामपंचायतीचा कार्यक्रम

प्रत्येक स्थानिक संस्थेत जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवहीत आगंतुक जातींचे एक पान असावे : कोणती जात, कोठे, किती जागेत आणि कोणत्या वर्षी प्रथम दिसली. अशी नोंद असल्यास पुढील वर्षी काम वाढले की घटले हे कळते. मे महिन्यात ग्रामसभेत कामाची वाटणी करावी. जूनमध्ये गोगलगायींची सामुदायिक वेचणी, जुलै ते सप्टेंबर गाजर गवताच्या तीन फेऱ्या आणि हिवाळ्यात पाणवठ्यांची तपासणी करावी. गावतळे मत्स्यव्यवसायासाठी देताना बंदी असलेला आफ्रिकन मांगूर त्यात सोडला जाणार नाही, अशी अट करारात घालावी. बाहेरून येणारे शेणखत, माती व रोपे यांबरोबर तणांचे बी वा गोगलगायींची अंडी येत नाहीत ना, हे पाहावे. आलेला पाहुणा घालवण्यापेक्षा त्याला वेशीवर अडवणे केव्हाही स्वस्त पडते.

जमिनीत साठलेले बी एका वर्षात संपत नाही. म्हणून एका मोहिमेच्या यशाने समाधान मानू नये व एका वर्षाच्या अपयशाने खचू नये. सलग काही वर्षे नवे बी पडू दिले नाही, तर जुना साठा ओसरतोच. ज्या गावात हे काम पाच वर्षे न चुकता होईल, तेथील गायरानावर गुरांना चारा मिळेल, शेतमजुरांची त्वचा निरोगी राहील आणि शेतकऱ्यास एकाच हंगामात दोनदा बी विकत घ्यावे लागणार नाही.