सँडविचचा धंदा घरून करताय? नफा शेवटच्या सहा सँडविचमध्ये आहे



परवा धावड्याहून एका ताईंचा फोन आला. धावडा म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं, बुलढाण्याच्या हद्दीजवळचं गाव. ताई म्हणाल्या, "सर, सकाळच्या नाष्ट्याला घरून सँडविच करून द्यायचा विचार आहे. इलेक्ट्रिक ग्रिलर घेऊ का?" मी विचारलं, "रोज किती जातील?" त्या म्हणाल्या, "वीस-पंचवीस तर जातीलच की!"

हे "जातीलच की" आधी वहीत मांडून बघू. म्हणून आज रेसिपी थोडी आणि हिशोब जास्त. खालचे भाव मी समजायला धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

समजा ब्रेडचा मोठा पुडा ५० रुपयांना आहे. त्यात साधारण १८ स्लाइस निघतात. दोन्ही टोकांच्या जाड कडा गिऱ्हाइकाला द्यायच्या नाहीत, म्हणजे राहिले १६, सँडविच झाले आठ. २४ सँडविचला तीन पुडे, १५० रुपये. बटाटे ३०, काकडी-टोमॅटो-कांदा ६०, चटणीचं सामान ४०, बटर १२०, गॅस ३०, कागद आणि सॉस मिळून ४८. बेरीज ४७८ रुपये. म्हणजे एक सँडविच साधारण २० रुपयांना पडलं. विकायचं ३० ला. सगळे २४ गेले तर गल्ल्यात ७२० आले आणि हातात २४२ उरले. छान वाटतं ना?

आता सहा उरले असं धरा. १८ गेले, ५४० आले. खर्च तर तोच ४७८ झालाय. हातात उरले फक्त ६२ रुपये! पहाटे साडेपाचला उठून साडेनऊपर्यंत राबायचं, चार तासांचे ६२. तासाला साडेपंधरा. एवढ्यात शेतात मजुरीलाही कोणी येणार नाही. सहा सँडविच उरले म्हणजे फक्त पाव माल उरला, पण नफ्यातले जवळपास तीन भाग गेले. बहुतेक जण इथेच फसतात. "माल तर खपतोय, पैसा कुठे जातो?" असं विचारत बसतात.

यावर उपाय भाव वाढवणं नाही. पोह्यांची प्लेट शेजारीच स्वस्तात मिळते, आणि खरं सांगायचं तर आपल्या माणसाला सकाळी पोहेच आवडतात. उपाय म्हणजे आदल्या रात्री ऑर्डर घेणं. व्हॉट्सॲपवर ग्रुप करा, रात्री आठपर्यंत नाव आणि संख्या घ्या, पैसे शक्यतो आधी. गिऱ्हाईक कोण, ते नीट ओळखा. सकाळी भोकरदनला किंवा बुलढाण्याकडे नोकरीला जाणारे, शाळेचे मास्तर, बँकेतली मंडळी, आणि ज्या घरात पोरांना डब्यात रोज पोळी-भाजी नको असते ती घरं. पारावर बसलेला माणूस तुमचं गिऱ्हाईक नाही, त्याला चहा-भजी हवीत. ऑर्डर १४ आली तर १६ करा. २४ करू नका. उरलेल्या स्लाइस पुड्यातच घट्ट बांधून ठेवा, पुड्यावरच्या तारखेच्या आत दुसऱ्या दिवशी भाजून वापरता येतात. पण ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर कडक होतो.

आता मालाबद्दल थोडं. मी पहिल्यांदा सँडविचची गाडी लावली तेव्हा बटर वाचवायला गेलो. मधोमध थोडंसं लावायचो. अर्ध्या तासात चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरायचं आणि सँडविच उचलताना खाली लोंबायचं. एका गिऱ्हाइकाने ते तसंच माझ्यासमोर धरलं, बोलला काही नाही. परत आलाही नाही. बटर फक्त चवीला नसतं, ते ओल अडवतं. दोन्ही स्लाइसवर, पार कडेपर्यंत, पातळ थर लावायचा. चटणी घट्ट हवी, त्यात मूठभर डाळं घालून वाटा. पाणी बर्फाचं घ्या आणि वरून लिंबू पिळा, म्हणजे हिरवा रंग टिकतो. मीठ-मसाला भाज्यांवर अगदी शेवटी भुरभुरा, नाहीतर काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं. डब्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो घालूच नका.

मिरचीचं सांगायलाच हवं. तुमच्या भागात पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार आहे, ताजी हिरवी मिरची दारात मिळते. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या सँडविचवाल्याला नाही. पण ती तिखट असते हो! पोरांच्या डब्याला वेगळी चटणी करा, कोथिंबीर जास्त आणि मिरची नावाला.

बटाटे रात्री उकडून, गार करून, झाकून फ्रिजमध्ये. लाइट गेली आणि रात्रभर आली नाही तर ते बटाटे टाकून द्या, मन घट्ट करा. चटणी रोज सकाळी ताजी. जालन्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, केलेलं सँडविच दोन तासांच्या आत खायला सांगा. गावात एका पोराचं पोट बिघडलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं.

घरून करतोय म्हणून नोंदणी लागत नाही, असं समजू नका. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकासाठी साधी नोंदणी ठेवली आहे. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर फोटो आणि ओळखपत्र घेऊन स्वतः करता येते. चौदा आकडी नंबर मिळतो, तो ग्रुपवर टाका. आणि सँडविच वर्तमानपत्रात बांधू नका. शाई अन्नाला लागते, आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी त्याला बंदीच आहे. बटर पेपर घ्या.

राहिला ग्रिलर. ताईंना मी नाही म्हणालो. मुंबईचे सँडविचवाले वर्षानुवर्षं गॅसवर धरायच्या चिमटा टोस्टरवर धंदा करत आलेत. तो थोडक्या पैशात मिळतो, आणि लाइट गेली तरी चालतो. तसे दोन घ्या, एक आचेवर असताना दुसरा भरायचा. मुद्राच्या शिशु कर्जात ५० हजारांपर्यंत मिळतं, हे खरं आहे. पण ज्या धंद्याचे रोजचे आकडेच अजून माहीत नाहीत, त्यासाठी कर्ज कशाला?

ताईंना एवढंच सांगितलं की सात दिवस वही लिहा. चार रकाने: किती ऑर्डर, किती केले, किती उरले, हातात किती. उरलेले घरच्यांनी खाल्ले तरी "उरले" मध्येच लिहायचे. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग आमचे हे रोज दोन खातील, ते कुठं धरू?" ते पण उरल्यातच धरा, ताई. सातव्या दिवशी पानाचा फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत आपण तोच हिशोब फळ्यावर मांडू.